मुलांच्या माथी नवे वतन मारू नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून पेढे वाटले जातात, आणि पेढ्यांच्या मागोमाग एक प्रश्न घरोघर फिरू लागतो : "आता पुढे काय?" प्रश्न मुलाला उद्देशून असतो; परंतु उत्तर देण्याची पाळी त्याच्यावर येतच नाही. वडील सांगतात, "डॉक्टर करायचा." मामा म्हणतात, "छे, कलेक्टरच झाला पाहिजे." शेजारचे वडीलधारे गृहस्थ सल्ला देतात, "सरकारी खात्यात चिकटवा, म्हणजे जन्माची चिंता मिटली." ज्याच्या जन्माचा हा निवाडा चाललेला असतो तो मुलगा मात्र पेढ्यांचा पुडा हातात धरून खाली मान घालून उभा असतो. त्याला काय वाटते हे विचारावे, असे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

या बोलण्यामागे आईबापांची माया असते, याविषयी शंका नाही. ज्यांनी जन्मभर ऊन-पाऊस अंगावर घेतला त्यांना आपले मूल सावलीत बसावे असे वाटले, तर त्यात गैर ते काय? परंतु जेथे माया असते तेथे न्याय असतोच, असे मात्र नाही. म्हणून ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे आणि ज्यांची मुले आज शाळा-कॉलेजांच्या उंबरठ्यावर उभी आहेत, त्यांच्यापुढे या विषयाचा थोडा परखड विचार मांडणे मला अगत्याचे वाटते.

जन्माबरोबर आलेले काम

"तू पुढे कोण होणार?" हा प्रश्न आपल्या पूर्वजांना कधी कोणी विचारलाच नाही. विचारण्याचे कारणच नव्हते. मूल जन्माला येण्यापूर्वीच त्याचे काम ठरलेले असे. महाराच्या पोटी जन्मला त्याने गावाचा सांगावा पोचवावा, सरकारी कामगारांपुढे धावावे, मेलेले ढोर ओढावे, मयताची खबर घेऊन परगावी जावे आणि त्याबद्दल दारोदार भाकरी मागावी. चांभाराने चामडे कमवावे, मांगाने दोर वळावा. कोणाचा हात कशात चालतो, कोणाची बुद्धी कशात रमते, याची चौकशी करण्याची या व्यवस्थेला कधी गरज पडली नाही. १८७४ च्या वतन कायद्याने तर या वंशपरंपरेवर सरकारी शिक्काच मारला.

हे जोखड मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या मार्च महिन्यात मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्या वेळी ते तडीस गेले नाही. गावकीची कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. मध्यंतरी १९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाने १९ व्या अनुच्छेदात कोणताही पेशा पत्करण्याचे व कोणताही धंदा करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकास दिले आणि २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारी निषिद्ध ठरविली.

'जातिनिर्मूलन' या १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी या प्रश्नाच्या मुळावरच बोट ठेवले आहे. जातिव्यवस्था म्हणजे केवळ श्रमविभागणी होय, असे तिचे समर्थक म्हणत. त्यावर बाबासाहेबांचे उत्तर असे की, ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे; शिवाय ती माणसाच्या उपजत कलावर किंवा निवडीवर आधारलेली नाही. आईबापांचा सामाजिक दर्जा पाहून मुलाचे काम आगाऊ ठरविणे हा तिचा मूळ दोष आहे. तेथेच त्यांनी आणखीही एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. उद्योगधंद्यांची परिस्थिती सतत बदलत असते. ती बदलली की माणसाला आपला धंदा बदलता आला पाहिजे. ते स्वातंत्र्य नसेल तर बेकारी ओढवते.

आता ज्याने त्याने आपल्या मनाला एक प्रश्न विचारावा. जन्मतः नेमून दिलेले काम हलके होते म्हणून वतन वाईट होते, की ते जन्मतः नेमून दिलेले होते म्हणून वाईट होते? पहिलेच उत्तर खरे मानले, तर झाडूच्या जागी स्टेथास्कोप दिला की प्रश्न मिटला. दुसरे उत्तर खरे असेल, आणि माझ्या मते तेच खरे आहे, तर पाळण्यातल्या मुलाला कलेक्टर ठरविणारा बाप हा प्रेमाने का होईना, नवे वतनच लिहून देत असतो.

विरोधी बाजू

यावर आपल्यातील अनेक जाणती माणसे म्हणतील, "गुरुजी, हे बोलणे ज्यांच्या घरी पिढीजात दौलत आहे त्यांना शोभते. त्यांचा मुलगा चित्रे काढत बसला आणि फसला, तर बापाची इस्टेट त्याला सांभाळते. आमच्या मुलाचा पाय घसरला तर त्याला धरायला कोण आहे? आम्हाला एकच संधी मिळते. ती आवडीनिवडीच्या नादात घालवायची काय?"

हा आक्षेप पोकळ नाही. गरिबाच्या घरात चुकीची किंमत फार मोठी असते, हे मी स्वतः भोगले आहे. शिक्षणाची कास आपण केवढ्या जिद्दीने धरली, हे आकडेही सांगतात. २०११ च्या जनगणनेत सात वर्षांवरील बौद्धांमध्ये साक्षरतेचे प्रमाण ८१ टक्क्यांवर होते. त्या वेळी साऱ्या देशाचे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते. हे यश आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मिळविलेले आहे. मुलांना मोकाट सोडा, त्यांना वाटेल ते करू द्या, असे म्हणून ते यश उधळून टाका, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ मुळीच नाही.

परंतु ज्या घराला एकच संधी आहे त्या घराने तर ती अधिकच डोळसपणे वापरली पाहिजे. ज्या कामात मुलाचा कल नाही, त्या कामाच्या दारात त्याला ढकलून आपण संधी वाचवतो, की गमावतो? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचेच उदाहरण घ्या. या परीक्षेसाठी दरवर्षी सुमारे दहा लाख उमेदवार अर्ज करतात आणि शेवटी निवड होते ती एक हजाराच्या आसपास. अनुसूचित जातींच्या उमेदवारास वयाच्या ३७ व्या वर्षापर्यंत कितीही वेळा परीक्षेस बसता येते. ही सवलत न्याय्यच आहे. पण ज्याला अधिकारी होण्याची स्वतःची ओढ नाही, जो केवळ बापाचा शब्द राखण्यासाठी पुण्याच्या अभ्यासिकेत वर्षामागून वर्षे काढतो, त्याच्या बाबतीत हीच सवलत एखाद्या लांबलचक शिक्षेसारखी होऊन बसते. तिकडे गावी शेताचा तुकडा गहाण पडतो, बहिणीचे शिक्षण थांबते, आणि तो पोरगा सणालाही घरी यायला भितो.

माझी स्वतःची चूक

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी स्वतःचा पदर झाडून दाखवावा, हे बरे. माझे वडील गावचे येसकर होते. घुंगराची काठी घेऊन ते गावात फिरत. १९५६ नंतर त्यांनी ती काठी टाकली, गावचा रोष पत्करला, मजुरी केली आणि मला शिकविले. मी प्राथमिक शिक्षक झालो. माझा थोरला मुलगा जन्मला त्याच दिवशी मी ठरवून टाकले की, येसकराचा नातू डॉक्टर होईल.

मुलाला वीज, तारा आणि यंत्रे यांचे वेड होते. वस्तीतल्या लाऊडस्पीकरवाल्याच्या दुकानात तो तासन्‌तास बसे. मी त्याला तेथून कान धरून घरी आणीत असे. बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशासाठी त्याचे गुण कमी पडले. मी त्याला पुन्हा बसविले. पुन्हा कमी पडले. तिसऱ्या वर्षाची तयारी सुरू झाली तेव्हा त्याने जेवताना बोलणे सोडले होते. एके रात्री माझ्या तोंडून नेहमीचे शब्द गेले, "तुझ्यासाठी मी हाडाची काडे केली." तो शांतपणे म्हणाला, "बाबा, आजोबांना गावाने सांगितले ते त्यांनी केले. मला तुम्ही सांगता ते मी करतो आहे. फरक एवढाच, की आजोबांना काठी टाकून देता आली."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे त्याने तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली. आज तो एका कारखान्यात यंत्रे दुरुस्त करतो. पगार बेताचा आहे. सगळे गोड झाले, असे मी म्हणणार नाही. त्याची दोन वर्षे मी खाल्ली ती खाल्लीच. आणि त्या काळात आम्हा बापलेकांत जे अंतर पडले ते अजूनही पूर्णपणे मिटलेले नाही. ज्या वाचकांच्या घरी हे अंतर अद्याप पडलेले नाही, त्यांनी वेळीच सावध व्हावे, एवढ्यासाठीच हे येथे लिहिले.

सुभेदार रामजींनी काय दिले?

कोणी म्हणेल, सुभेदार रामजी सकपाळांनी आपल्या भीमावर धाक ठेवला नसता, तर बाबासाहेब घडले असते काय? रामजींची शिस्त कडक होती, हे खरे. परळच्या चाळीतील एका खोलीत जागा नव्हती, म्हणून ते मुलाला रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवीत. पुस्तकांसाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडून उसने आणीत. प्रसंगी त्यांचा दागिना आणून गहाण ठेवीत. परंतु रामजींनी जे दिले त्याचे स्वरूप नीट पाहा. त्यांनी वेळ दिला, पुस्तक दिले, दिवा दिला आणि वाचनाची गोडी लावली.

पुढे बाबासाहेबांनी काय काय केले ते कोणत्या बापाला आगाऊ ठरविता आले असते? १९१२ साली ते इंग्रजी व फारसी हे विषय घेऊन बी. ए. झाले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात त्यांनी मुख्यतः अर्थशास्त्राचा अभ्यास केला. १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी त्यांना अस्पृश्यतेच्या छळामुळे सोडावी लागली. मुंबईस येऊन त्यांनी शिकवण्या केल्या, शेअर-व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा उघडला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके फिरकेनाशी झाली आणि तो धंदा बसला. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. ती चांगली नोकरीही १९२० मध्ये सोडून ते अपुरे शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले. त्याच वर्षारंभी त्यांनी 'मूकनायक' काढले होते. १९२३ मध्ये परतल्यावर त्यांनी वकिली सुरू केली. आज आपल्या घरी एखाद्या मुलाने हाती आलेली प्राध्यापकी सोडून पुन्हा विद्यार्थी होण्याचे मनात आणले, तर आपण त्याला काय म्हणू? बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर लावून, त्यांच्यासारखी वाट बदलण्याची मुभा मात्र मुलाला नाकारायची, हा विरोधाभास आपल्याला दिसत नाही.

रामजींसारखे दुसरे उदाहरणही आपल्याजवळ आहे. अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांनी 'आमचा बाप आन् आम्ही' या पुस्तकात आपल्या वडिलांचे चित्र रेखाटले आहे. वडील फारसे शिकलेले नव्हते. मुलाने काय व्हावे यावर आजूबाजूचे लोक नाना सल्ले देत असता, त्या बापाने निर्णय मुलावरच सोपविला आणि एवढीच अपेक्षा धरली की, जे काम पत्करशील त्यात अव्वल हो. महत्त्वाकांक्षा आणि सक्ती यांतील भेद ज्याला कळला नाही असा पदवीधर बाप या पुस्तकातून पुष्कळ शिकू शकेल.

धम्माची दृष्टी

भगवान बुद्धांच्या चरित्रातच आपल्या विषयाचा पहिला धडा आहे. असित मुनींनी शुद्धोदनाला सांगितले होते की, हा मुलगा एक तर चक्रवर्ती राजा होईल किंवा बुद्ध होईल. बापाने यांपैकी राजेपण निवडले आणि मुलाचे मन दुसरीकडे वळू नये म्हणून तीन ऋतूंसाठी तीन प्रासाद उभारले. प्रेमात उणीव नव्हती. सुखात उणीव नव्हती. तरीही २९ व्या वर्षी सिद्धार्थाने ते प्रासाद सोडले. बापाचे बेत कितीही वैभवाचे असले, तरी मुलाच्या मनातील प्रश्नाचे उत्तर ते होऊ शकत नाहीत.

तेच सिद्धार्थ बुद्ध झाल्यावर आपल्या मुलाशी, बाल राहुलाशी, कसे बोलले ते मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात पाहावयास मिळते. तेथे धमकी नाही, उपकारांची यादी नाही. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून बोलणे सुरू होते. मग आरसा कशासाठी असतो, असे भगवान मुलालाच विचारतात. आणि तो उत्तर देतो त्या उत्तरावरूनच पुढे सांगतात की, आरशात पाहावे तसे प्रत्येक कृत्य करण्याआधी, करताना आणि केल्यावर पारखून पाहावे. निर्णयाचे माप त्यांनी मुलाच्या हाती दिले. मुलांशी बोलावे कसे, याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

सिगालोवाद सुत्तात आईबापांची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत मुलाला विद्या-कला शिकविणे हे एक आहे. ती कोणती, हे तेथे ठरवून दिलेले नाही. नकार देण्याची जागाही धम्माने दाखविली आहे. शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे. ज्या धंद्याने दुसऱ्याचा घात होतो, त्यापासून मुलाला परावृत्त करण्याचा आईबापांना पूर्ण अधिकार आहे. पण एखादा सचोटीचा धंदा केवळ शेजाऱ्यांना मिरवून सांगण्याजोगा नाही म्हणून तो मुलाला करू न देणे, याला सम्यक आजीविकेचा आधार नाही.

मग बोलावे कसे?

पहिली गोष्ट म्हणजे, निकालाच्या दिवशी आणि पाहुण्यांच्या देखत हा विषय काढू नये. आठवी-नववीपासूनच, शेतात जाताना, भांडी घासताना, बसची वाट पाहताना, थोडे थोडे बोलावे. "तू कोण होणार?" हा प्रश्न मुलाला घाबरवतो. त्यापेक्षा "कोणते काम करताना तुला वेळेचे भान राहत नाही? कोणत्या विषयाचे पुस्तक कोणी न सांगता उघडतोस? कोणाचे काम पाहून तुला असे वाटते की, हे आपल्यालाही करता यावे?" असे विचारावे. आणि विचारल्यावर उत्तर पुरते ऐकून घ्यावे. अर्ध्यावर तोडले की पुढल्या वेळी मूल आपल्याला आवडेल तेच उत्तर देऊ लागते.

दुसरी गोष्ट, घराची खरी परिस्थिती मुलाला सांगावी. किती पैसे आहेत, कर्ज किती आहे, किती वर्षे खर्च झेपेल, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला समजते. माहिती दिली म्हणजे दडपण आणले, असे होत नाही. आपण सोसलेल्या कष्टांचा हिशेब पुढे ठेवला, की मात्र दडपण येते. "दोन वर्षे आम्ही शहरातला खर्च देऊ शकतो, त्यापुढे तुला काही कमवावे लागेल," हे सत्य आहे. "आम्ही उपाशी राहिलो ते यासाठी का?" हा घाव आहे.

तिसरी गोष्ट, जे काम मुलाने पाहिलेले नाही त्याची त्याला आवड तरी कशी लागणार? आपल्या मुलांनी शिक्षक, शिपाई, पोलीस, परिचारिका आणि कारकून एवढेच पाहिलेले असतात. बाकी सारे डॉक्टर-कलेक्टर या दोन शब्दांत मावते. बाबासाहेबांनी स्वतः असा संकोच केला नाही. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून त्यांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, १९५० मध्ये औरंगाबादेस कॉलेज काढले. पुढे १९५३ मध्ये वाणिज्याचे आणि १९५६ मध्ये कायद्याचे कॉलेज मुंबईत निघाले. दरवाजे अनेक उघडावेत आणि आत कोठे जायचे ते विद्यार्थ्याने ठरवावे, हा त्यांचा मार्ग होता. आपल्या विहारांतून महिन्यातून एका रविवारी निरनिराळ्या धंद्यांतील माणसांना बोलवावे : वीजतंत्री, हिशेबनीस, वकील, प्रयोगशाळेत काम करणारी बाई, छापखानेवाला, फळबागा लावणारा शेतकरी. त्यांनी कामाचे कष्ट, मिळकत आणि अडचणी खऱ्या खऱ्या सांगाव्यात. मुलांनी वाटेल ते विचारावे. यास एका सतरंजीपलीकडे खर्च नाही.

चौथी गोष्ट, निवड मुलाची, पण कागदपत्रे आपली. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र वेळेवर न मिळाल्याने हातचा प्रवेश निसटतो, हे दुःख अनेक घरांनी पाहिले आहे. मूळ अनुसूचित जातीतील व्यक्तीने बौद्ध धम्म स्वीकारला तरी तिचे अनुसूचित जातीचे हक्क अबाधित राहतात, हे १९९० च्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्यातही मान्य झाले आहे; नवदीक्षित कुटुंबांनी याविषयी मनात भय धरू नये. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती, यांची चौकशी समाजकल्याण खात्यात बापाने स्वतः जाऊन करावी. मुलाच्या मागे "अभ्यास कर, अभ्यास कर" म्हणून लागण्यापेक्षा त्या कचेरीच्या दोन फेऱ्या मुलाच्या जास्त कामी येतील.

पाचवी गोष्ट, स्पर्धा परीक्षेची वाट मुलाने स्वखुशीने धरली तर तिला मुदत असावी. किती वर्षे, किती प्रयत्न, आणि यश न आल्यास दुसरी वाट कोणती, हे आरंभीच एकत्र बसून ठरवावे. असे ठरलेले असले म्हणजे मागे फिरणे ही नामुष्की ठरत नाही.

आणि सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अपयश आले तरी घराचे दार उघडे आहे, हे मुलाला शब्दांनी सांगावे. ते त्याला आपोआप कळेल असे गृहीत धरू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपविले, आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. प्रत्येकाचे कारण वेगळे असेल. सर्वच दोष घरांचा नाही. शिक्षणसंस्थांतील अपमान आणि जातीचा काच आपल्या मुलांना आजही सोसावा लागतो. म्हणूनच तर बाहेर मार खाऊन आलेल्या मुलाला घर हे दुसरे परीक्षागृह वाटता कामा नये.

मुलींचे काय?

मुलींच्या बाबतीत दडपणाचे रूप निराळे असते. मुलावर अपेक्षांचा डोंगर असतो, मुलीला मात्र "डी. एड. कर, नाहीतर नर्सिंग कर, म्हणजे लग्न जमेल" असे सांगून तिचे प्रकरण मिटविले जाते. शिक्षिका आणि परिचारिका ही थोर कामे आहेत. पण ती तिची निवड असली पाहिजे, तिच्या लग्नाच्या बाजारातील भाव नव्हे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आयांना सांगितले होते की, मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा रुजवा, त्यांच्यातील न्यूनगंड काढून टाका आणि त्यांच्या लग्नाची घाई करू नका. महत्त्वाकांक्षा रुजविणे म्हणजे मोठेपणाची जागा नेमून देणे नव्हे. "तू मोठी होऊ शकतेस," असे सांगणे हे रुजविणे आहे. "तू अमुकच झाली पाहिजेस," असे सांगणे ही वतनाची सनद आहे.

समाजाच्या ऋणाविषयी

शेवटी एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. मूल मोठा अधिकारी झाले तरच ते समाजाच्या उपयोगी पडेल, असे आपल्यात पुष्कळांस वाटते आणि समाजाच्या नावाने मुलांवर ओझे टाकले जाते. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपला विश्वासघात केल्याची खंत व्यक्त केली, ती प्रसिद्धच आहे. त्यांची तक्रार कोणी कोणता पेशा पत्करला याबद्दल नव्हती. पोटाची सोय लागताच आपल्या माणसांना विसरणाऱ्यांविषयी ती होती. समाजाचे ऋण वीजतंत्रीला फेडता येते, शिवणकाम करणाऱ्या बाईला फेडता येते आणि सचिवालयातील अधिकाऱ्याला ते विसरताही येते. मुलाने काय व्हावे हे सांगण्याचा हक्क समाजाला नाही. कसे वागावे हे सांगण्याचा मात्र आहे.

वतन कायद्याच्या पुस्तकातून गेले. संविधानाने निवडीचा हक्क दिला. पण कायदा गावाच्या चावडीपर्यंत पोचतो. घराच्या स्वयंपाकघरात, ताटावर बसलेल्या मुलापर्यंत तो पोचविण्याचे काम आईबापांनाच करावे लागते. पुढच्या निकालाला आपल्या दारी पेढे येतील तेव्हा "आता पुढे काय?" हा प्रश्न अवश्य विचारावा. फक्त तो विचारून झाल्यावर वडिलांनी, मामांनी आणि शेजाऱ्यांनी थोडा वेळ गप्प बसावे. उत्तर द्यायला मुलाला जरा वेळ लागेल. आपल्या कित्येक पिढ्यांना हा प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता.